संशोधनाची पुस्तकं: कोणती, कधी आणि हातात काय घेऊन वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झालंय, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास होऊन तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातून पीएचडीची नोंदणी केलीय. मार्गदर्शक म्हणतात, 'आधी संशोधनावरची पुस्तकं वाचून काढ, मग विषयाचं बघू.' सात-आठ इंग्रजी नावं जमली आहेत, खिशात दीड-दोन हजार रुपये आहेत आणि इंग्रजी बेताचं आहे. यातली कोणती घ्यावीत, कोणत्या क्रमानं वाचावीत?

मी वनस्पतिरोगशास्त्रातली. विद्यार्थ्यांचे प्रबंध बघायला लागून पंचवीसेक वर्षं झाली. माझं उत्तर त्या कामातून आलंय, म्हणजे शेत, वाफे, कुंड्या आणि थोडीफार प्रयोगशाळा. तुम्ही डीएनएवर काम करणार असाल तर यातलं काही बदलेल. जिल्ह्यातल्या वनस्पतींची नोंद करणार असाल तर प्रयोगाच्या आखणीवर मी जे लांबण लावणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. तेव्हा विषय ठरल्यावर हे उत्तर पुन्हा एकदा वाचा.

आता तुमच्या मार्गदर्शकांचं वाक्य. 'आधी पुस्तकं, मग विषय' हा क्रम मला पटत नाही. डोक्यात काही प्रश्न नसताना संशोधनावरचं पुस्तक वाचणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोनशे पानं वाचून होतात, सगळं पटतं आणि महिन्याभरानं एकही गोष्ट आठवत नाही. तेच पुस्तक प्रयोग फसल्यावर उघडा, चार ओळींत जागं व्हायला होतं. म्हणून 'कोणती पुस्तकं' यापेक्षा 'मी कुठे अडलोय' हे आधी ठरवा. अडायच्या जागा मोजक्याच असतात: प्रश्न सुचत नाही, प्रयोग नीट मांडता येत नाही, लिहिता येत नाही. प्रत्येक जागेसाठी एखादं-दुसरं पुस्तक पुरतं.

त्याआधी एक गोंधळ दूर करू. 'संशोधन पद्धती' या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या जातीची पुस्तकं मिळतात. एक जात परीक्षेची: संशोधनाचे प्रकार, नमुना निवडीचे प्रकार, गृहीतकाची व्याख्या. सी. आर. कोठारींचं पुस्तक घराघरांत आहे ते याच कामासाठी. कोर्सवर्कच्या पेपरला ते वाचा आणि चांगले मार्क मिळवा. मात्र त्यातली बरीचशी उदाहरणं सर्वेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या अंगानं जातात, त्यामुळे ते वाचून वाफ्यात काय करायचं हे कळेल अशी आशा धरू नका. दुसरी जात काम करणाऱ्यांनी काम करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांची. पुढे मी फक्त त्यांच्याबद्दल बोलते.

प्रश्न सुचत नसेल तर 'द क्राफ्ट ऑफ रिसर्च'. बूथ, कोलम्ब आणि विल्यम्स या तिघांचं हे पुस्तक १९९५ साली शिकागो विद्यापीठानं पहिल्यांदा काढलं. गंमत म्हणजे तिघंही इंग्रजी भाषा-साहित्याकडचे. तरी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मी तेच देते, कारण विषय आणि प्रश्न यांतला फरक इतका नीट दुसरीकडे सांगितलेला मला सापडला नाही. त्यांनी एक तीन पायऱ्यांचं वाक्य दिलंय. मी ते मराठीत असं वापरते: 'मी अमुक बघतेय, कारण मला तमुक शोधून काढायचंय, म्हणजे वाचणाऱ्याला अमक्या मोठ्या गोष्टीचा उलगडा होईल.'

हे सोपं वाटतं, पण करून बघा. माझ्याकडे एक मुलगा 'मराठवाड्यातील औषधी वनस्पतींचा अभ्यास' असा विषय घेऊन आला होता. मी म्हटलं, वाक्य पूर्ण कर. पहिली पायरी लगेच झाली. 'कारण मला शोधून काढायचंय' याच्यापुढे तो आठवडाभर अडला. मग लिहून आणलं, 'कारण मला त्यांचे गुणधर्म शोधायचे आहेत'. कसले गुणधर्म, कशावरचे? तिसऱ्या आठवड्यात आलं ते असं: 'मी गुळवेल बघतोय, कारण मला शोधायचंय की कडुलिंबावर चढलेल्या वेलीत आणि बाभळीवर चढलेल्या वेलीत कडू घटकांचं प्रमाण खरोखर वेगळं असतं का, म्हणजे लिंबावरचीच गुळवेल चांगली असं जे वैद्य आणि गावातली म्हातारी माणसं म्हणतात ते तपासता येईल.' आता हा प्रश्न झाला. याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. ज्याचं उत्तर 'नाही' येऊच शकत नाही तो प्रश्न अजून कच्चा आहे असं समजा.

सबंध पुस्तक वाचू नका. विषयाकडून प्रश्नाकडे कसं जायचं ती सुरुवातीची प्रकरणं वाचा, बाकीचं लिहायला बसल्यावर.

याच टप्प्यावर जुनी दोन पुस्तकं रात्री झोपताना वाचण्यासारखी आहेत. पहिलं सांतियागो रामोन इ काहाल यांचं. मज्जापेशींच्या कामाबद्दल यांना १९०६ साली गोल्जींबरोबर नोबेल मिळालं. १८९७ मधल्या एका भाषणातून त्यांचं हे पुस्तक वाढलं. इंग्रजीत ते 'अ‍ॅडव्हाइस फॉर अ यंग इन्व्हेस्टिगेटर' या नावानं मिळतं. त्यात इच्छाशक्तीच्या रोगांवर एक प्रकरण आहे: नुसते बघत बसणारे, पुस्तकांचे किडे, यंत्रांचे वेडे, सिद्धांत रचत बसणारे. आपल्या कॉलेजातला एकेक चेहरा डोळ्यांसमोर येतो, मग हळूच आपलाही. संशोधकानं बायको कशी निवडावी यावरही त्यांनी सल्ला दिलाय, तो वाचून मी दरवेळी पुस्तक मिटते आणि चहा करायला उठते. तेवढी पानं उलटा. दुसरं बेव्हरिज यांचं 'द आर्ट ऑफ सायंटिफिक इन्व्हेस्टिगेशन', १९५० सालचं. हे केंब्रिजमध्ये प्राण्यांच्या रोगांवर काम करणारे, त्यामुळे उदाहरणं आपल्या बिरादरीतली. योगायोग, निरीक्षण, अंतःप्रेरणा अशा प्रकरणांमध्ये शोध प्रत्यक्षात कसे लागले याच्या गोष्टी आहेत. इंग्रजी सोपं आहे. बेताचं इंग्रजी असणाऱ्यानं सुरुवात इथून करावी.

आता प्रयोगाची आखणी. इथे मी रेंगाळणार आहे, कारण इथली चूक नंतर कशानंही दुरुस्त होत नाही आणि ती मी स्वतः केली आहे.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. टोमॅटोची रोपं गादीवाफ्यावर कोलमडतात, त्यावर ट्रायकोडर्मा ही रोगाला आवर घालणारी उपयोगी बुरशी किती चालते हे मला बघायचं होतं. दोन गादीवाफे केले. एकात ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत, दुसऱ्यात साधं शेणखत. प्रत्येकात दोनशे रोपं. रोज सकाळी जाऊन मेलेली रोपं मोजली. फरक डोळ्यांना दिसेल इतका आला, सांख्यिकी चाचणीत तर फारच झकास. शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला तेव्हा परीक्षकाच्या शेऱ्याचा मतलब एवढाच होता: तुमच्याकडे चारशे रोपं नाहीत, दोन वाफे आहेत. मी दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी शेडनेटमध्ये जाऊन उभी राहिले आणि दिसलं की साध्या शेणखताचा वाफा उताराच्या खालच्या अंगाला होता. पाणी दिलं की तिथे साचत होतं. रोपं ट्रायकोडर्मा नसल्यानं कोलमडली की पाण्यानं, हे माझ्या आकड्यांवरून कुणालाच सांगता आलं नसतं. एका वाफ्यातली दोनशे रोपं म्हणजे एकाच वाफ्याची दोनशे मापं. अख्खा हंगाम पाण्यात गेला, तोही अगदी शब्दशः. पुढच्या वर्षी बारा छोटे वाफे केले, चिठ्ठ्या टाकून सहांत ट्रायकोडर्मा घातला. फरक आला, पण पहिल्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

या चुकीला नाव आहे, खोटी पुनरावृत्ती. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसरशास्त्रज्ञानं १९८४ साली 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स'मध्ये यावर एक लांबलचक लेख लिहिला. १९६० पासूनचे १७६ प्रायोगिक अभ्यास त्यानं तपासले. त्यांपैकी २७ टक्क्यांमध्ये ही चूक होती आणि ज्यांनी सांख्यिकी चाचण्या लावल्या होत्या तेवढेच धरले तर ४८ टक्क्यांमध्ये. म्हणजे मी एकटी नव्हते. हे पुस्तक नाही, लेख आहे, पण तुमच्या यादीतली निम्मी पुस्तकं बाजूला ठेवून आधी हा वाचा.

आखणीचं मूळ पुस्तक सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांचं, 'द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स', १९३५. दुसरं प्रकरण चहावर आहे. एक बाई म्हणतात, कपात आधी दूध घातलं की आधी चहा हे मला चवीवरून सांगता येतं. आठ कप करायचे, चार असे, चार तसे, आणि कुठलेही क्रम न ठेवता पुढे करायचे. आठांतून चार निवडायच्या ७० तऱ्हा होतात, म्हणजे नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. सहाच कप घेतले असते तर वीसात एक. किती कप, का तितकेच, चिठ्ठ्या कशासाठी, हे सगळं त्या एका चहात येतं. तेवढं प्रकरण वाचा. पुढचं गणित जड आहे, ते मीही गरजेपुरतंच वाचलंय.

मग आकडेमोड. यासाठी आपल्याच माणसांचं पुस्तक आहे, वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स'. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ते १९५४ साली काढलं. सुखात्मे साताऱ्याकडचे, बुध गावचे. शेतीतल्या प्रबंधांच्या शेवटी संदर्भयादीत 'पानसे आणि सुखात्मे' नाही असं सहसा होत नाही. किती जणांनी ते उघडलंय असं तोंडी परीक्षेत विचारलं की मुलं खाली बघतात. उघडा. उदाहरणं इथल्या पिकांची, इथल्या शेतांची आहेत आणि हातानं एकदा आकड्यांचं पृथक्करण करून पाहिलं की संगणकानं दिलेला तक्ता कुठून आला ते समजतं. संगणक तुम्हाला वाफे किती होते असं कधीच विचारत नाही, हे लक्षात ठेवा.

वहीबद्दल थोडंच. प्रयोगशाळेत काम असेल तर कॅथी बार्कर यांचं 'अ‍ॅट द बेंच' चाळा, नवख्या माणसाला कुणी न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात आहेत. एका बाबतीत मात्र मी सगळ्याच पुस्तकांच्या विरुद्ध आहे. प्रयोगाची वही शाईनंच लिहावी असं सांगतात. शेतात, जुलैमध्ये, छत्री मानेत अडकवून शाईनं लिहून बघा. मी शिसपेन्सिलनं लिहिते आणि संध्याकाळी पानाचा फोटो तारखेसकट काढून ठेवते. खोडरबर मात्र पिशवीत ठेवत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं.

आता लिहिणं. बहुतेक मुलं प्रयोग संपवून मग लिहायला बसतात, तेव्हा कळतं की मधला एक आकडा घेतलाच नव्हता आणि हंगाम गेलेला असतो. जॉर्ज व्हाइटसाइड्स या रसायनशास्त्रज्ञाची २००४ साली 'अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स'मध्ये आलेली दोन-तीन पानांची टिपण आहे, निबंध कसा लिहावा यावर. त्यांचं म्हणणं, आराखडा कामाच्या सुरुवातीलाच करा आणि काम पुढे जाईल तसा बदलत राहा. मी विद्यार्थ्यांकडून पेरणीच्या आधी रिकामे तक्ते काढून घेते: रकान्यांची नावं लिहिलेली, आकडे कोरे. कुठला रकाना भरायची सोयच केलेली नाही ते तिथेच दिसतं. म्हणून 'संशोधन करण्याची' आणि 'संशोधन लिहिण्याची' पुस्तकं मी वेगळ्या कप्प्यांत ठेवत नाही.

मात्र निबंध म्हणजे रोजनिशी नव्हे. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या भाषणात विचारलं होतं की वैज्ञानिक निबंध ही लबाडी आहे का. विचार प्रत्यक्षात जसा चालला तसा निबंधात दिसतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी आहे. पण तुम्ही नवखे आहात, तेव्हा आधी रूढ साचा शिका: प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा. त्यासाठी रॉबर्ट डे यांचं 'हाउ टु राइट अँड पब्लिश अ सायंटिफिक पेपर' पुरेसं आहे. पहिली आवृत्ती १९७९ ची, नंतरच्या आवृत्त्यांत बार्बरा गॅस्टेल यांचंही नाव आहे. शीर्षक कसं द्यावं, लेखकांचा क्रम कसा लावावा, संपादकाच्या पत्राला काय उत्तर द्यावं, सगळं छोट्या प्रकरणांत आणि मिश्कीलपणे. संपादकाचं पत्र आलं की ते प्रकरण काढायचं, आधी नाही.

साचा जमला, तरी निबंध मेल्यासारखा वाटतो, अशी वेळ येते. तेव्हा जोशुआ शिमेल यांचं 'रायटिंग सायन्स', २०१२. हेही मातीत काम करणारे परिसरशास्त्रज्ञ. निबंधाला गोष्टीसारखा ओघ कसा आणायचा, हे ते परिच्छेद आणि वाक्यं उलगडून दाखवतात. तुमच्या पहिल्या वर्षी याचा उपयोग नाही, तिसऱ्या वर्षी खूप आहे.

इंग्रजी बेताचं आहे म्हणालात, त्याबद्दल एक गोष्ट सांगते, ती पुस्तकांत मिळणार नाही. गोपेन आणि स्वान यांचा १९९० सालचा 'अमेरिकन सायंटिस्ट'मधला एक लेख आहे. ते म्हणतात, इंग्रजी वाचणारा वाक्याच्या शेवटी महत्त्वाची गोष्ट शोधतो. आता आपली मराठी बघा. 'पाण्याने ते रोप मेलं' आणि 'ते रोप पाण्याने मेलं'. दुसऱ्यात जोर पाण्यावर आहे, कारण आपण जोराचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी ठेवतो आणि क्रियापदानं वाक्य मिटवतो. हीच सवय घेऊन आपण इंग्रजी लिहितो. मग प्रत्येक वाक्य 'वॉज ऑब्झर्व्ह्ड' किंवा 'वॉज फाउंड' यावर संपतं आणि इंग्रजी वाचणारा जिथे मोती शोधतो तिथे त्याला टरफल मिळतं. तुमच्या कच्च्या मसुद्यात फक्त वाक्यांचे शेवट अधोरेखित करून बघा. व्याकरण न सुधारताही निम्मा निबंध सुधारतो.

भाषा कुठलीही असो, दुसरी खोड पोकळ वाक्यांची. 'प्रस्तुत अभ्यासामध्ये ट्रायकोडर्माच्या वापराचा रोपे कोलमडण्याच्या प्रमाणावरील परिणाम अभ्यासण्यात आला असून तो लक्षणीय असल्याचे आढळून आले.' यात कळलं काय? आता हे: 'ट्रायकोडर्मा घातलेल्या वाफ्यांत शंभरातली १२ रोपं कोलमडली, न घातलेल्यांत ३१.' आकडे उदाहरणापुरते आहेत. दुसरं वाक्य लिहायला धाडस लागतं, कारण ते खोटं ठरू शकतं.

नीतिमत्तेवर विकत काही घेऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं 'ऑन बीइंग अ सायंटिस्ट' हे छोटं पुस्तक फुकट उतरवून घेता येतं, तिसरी आवृत्ती २००९ ची. त्यात छोटे प्रसंग दिलेत आणि 'तुम्ही काय केलं असतं' असं विचारलंय, गटात बसून वाचायला छान. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियमही एकदा मुळातून वाचा. साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही, एवढंच मुलांना ठाऊक असतं आणि मग ती शब्द फिरवून साडेनऊवर आणण्यात महिना घालवतात. दुसऱ्याची कल्पना नाव न घेता उचलली तर टक्के शून्य आले तरी चोरी ती चोरीच. आणि चॅटबॉटनं दिलेला संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नका. नसलेले लेखही तो मोठ्या आत्मविश्वासानं सांगतो.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सुचवते. वर्षातून एकदा आपलं काम एका पानात मराठीत लिहा. आपल्याकडे याची परंपरा आहे. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं कथा पाठवली होती, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नावाचा वशिला लागू नये म्हणून. लिहिलेलं पान एखाद्या शेतकऱ्याला वाचायला द्या. माझ्या ट्रायकोडर्माच्या पानावर रोपवाटिका चालवणाऱ्या एका काकांनी विचारलं होतं, 'मॅडम, शेणखत किती जुनं होतं?' मी ते नोंदवलंच नव्हतं. तीन परीक्षकांच्या हाताखालून तो निबंध गेला होता, कुणाला सुचलं नाही.

आता तुमचे दीड-दोन हजार. बेव्हरिज आणि फिशर यांच्या स्कॅन प्रती इंटरनेट अर्काइव्हवर बघा. हर्लबर्ट, व्हाइटसाइड्स, गोपेन-स्वान हे लेख आहेत. जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत, तुमचं कॉलेज किंवा विद्यापीठ त्यात बसतं का ते ग्रंथपालांना विचारा. पानसे-सुखात्मे कुठल्याही कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात धूळ खात असेल. विकत घ्यायचं तर 'द क्राफ्ट ऑफ रिसर्च' घ्या, जुनी आवृत्ती चालेल, आणि पैसे उरले तर डे-गॅस्टेल. शिमेल दोन वर्षांनी.

आणि मार्गदर्शकांशी वाद घालू नका. 'सर, वाचतोय' म्हणा आणि ते तीन पायऱ्यांचं वाक्य पूर्ण करून पुढच्या भेटीत त्यांच्यापुढे ठेवा. अर्धवट असलं तरी चालेल, खोडायला काहीतरी मिळालं की मार्गदर्शक खुलतात.